ड्यूटी कमी होईपर्यंत

मी लिहावं असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच मला ठाऊक. तरी तुमचा वेळ घेतोय, त्याबद्दल माफ करा. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, मित्रांनाही नाही. आता ती मनात ठेवूनच थकलोय.

दिल्लीत शिकायला आलो तेव्हा मुनिरकात मेश्राम काकांकडे राहिलो. ते वडिलांच्या गावचे. सरकारी नोकरीतून निवृत्त, एकटे. भाडं घेत नसत. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन घेणं, बँकेत सोबत जाणं, दारावर कोणी आलं तर बोलणं, ही माझी कामं. नागपूरहून त्यांची मुलगी, सुजाताताई, रोज फोन करायची. नात मिहू नुकतीच बोलायला लागली होती. काका फोन कानाला घट्ट दाबून धरत, उगाच हसत, आणि मग माझ्याकडे देत — "काय म्हणते रे?" मी ऐकून त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचो. कधी मिहू बराच वेळ काहीबाही सांगत राही — चिमणी, शेजारचं कुत्रं, आणखी काय काय — आणि मी कंटाळून एवढंच म्हणायचो, "जेवली म्हणते."

हेही सांगायला हवंच होतं. पण मुख्य ते नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "काय प्रोफेसर, कानाचं मशीन घेऊन टाकू का? पोरीचे बोबडे बोल तरी कळतील. पैसे बाजूला ठेवलेत."

मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो, इकॉनॉमिक्सला. नुकतंच शिकलो होतो — आयात शुल्क कमी झालं की वस्तू स्वस्त होते. फळ्यावर एक सरळ रेघ. मी म्हणालो, "थांबा काका. ते बाहेरच्या देशातून येतं. बजेटमध्ये ड्यूटी कमी होईल, मग घ्या."

"माझी ड्यूटी तर संपली बाबा! आता मशीनची कधी संपते बघू," असं म्हणून ते केवढ्यांदा हसले. आणि मशीन घ्यायचे थांबले. सुजाताताई घ्या घ्या म्हणायची, तर तिला सांगत, "तो शिकलाय ना, त्याला कळतं." मशीनवर ड्यूटी आहे तरी किती, हे मी पाहिलंही नव्हतं. पण मला कोणी सल्ला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

इथवर अज्ञान म्हणता येईल. पण पुढे?

दुसऱ्या वर्षी वर्गात याच विषयावर बोलायचं होतं. मी कानाचं मशीन निवडलं, आणि तेव्हा कुठे आकडे पाहिले. ड्यूटी इतकी थोडी होती की ती पूर्ण गेली असती तरी किमतीत फारसा फरक पडला नसता. उलट डॉलर चढल्यामुळे मशीन आधीपेक्षा महाग झालं होतं. म्हणजे थांबून काकांचं नुकसानच होत होतं — आणि आता मला ते माहीत होतं. तरी वर्गात मी काय केलं? स्वस्त होईल या आशेने खरेदी पुढे ढकलणारा ग्राहक म्हणून काकांचंच उदाहरण दिलं. "बेचारे अंकल! अभी तक वेट कर रहे हैं?" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो. सर म्हणाले, उदाहरण छान आहे.

त्या संध्याकाळी सांगायचंच, असं ठरवून घरी आलो. काकांनी आपणच विचारलं, "यंदा बजेटमध्ये झालं का काही?"

मी मान हलवली. नाही. "पुढच्या वर्षी बघू," त्यांच्या कानाशी ओरडलो.

का? लाज वाटली, हे खरं. पण तेवढंच नाही — मशीन आलं असतं तर त्यांना माझी गरज काय उरली असती? मुनिरकातल्या खोलीचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. त्यांना ऐकू न येणं माझ्या सोयीचं होतं. हा विचार मला आत्ता, लिहिताना सुचला का? नाही. त्याच संध्याकाळी, वर येताना, जिन्यात थांबून मी तो केला होता.

तिसऱ्या वर्षीही तेच सांगितलं. मग डिग्री मिळाली, एमएला हॉस्टेल मिळालं, मी निघून गेलो. काका दिल्लीचं घर आवरून मुलीकडे गेले. जाताना म्हणाले, "ड्यूटी कमी झाली की फोन कर हं." मी केला नाही. कशासाठी करणार होतो?

गेल्या आठवड्यात सुजाताताईचाच फोन आला, सहज, खुशाली विचारायला. म्हणाली, "बाबांना शेवटी मीच जबरदस्तीने मशीन घेऊन दिलं. आवाज येतो आता, पण शब्द लागत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ऐकलं नाही की असं होतं, आधी यायला हवं होतं."

मी मिहूचं विचारलं.

"शाळेत जाते ना आता. घरभर बडबड असते तिची. आजोबांशी मात्र बोलत नाही, हातांनी खुणा करते. छान जमतं तिला."