साडेपाचची सही

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे भागूबाई म्हणायचे. भित्री भागूबाई, त्यातली. तिला त्याचा राग येत नसे, कारण आरोप खोटा नव्हता. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून ती चार मजले पायी चढायची. टपालात लांबट सरकारी पाकीट दिसलं की उघडण्याआधी घोटभर पाणी प्यायची. वाफेच्या इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर सरकवताना बोटं आत ओढली जातील या भीतीने ती कापड इतकं आखडून धरायची, की पलीकडून चादर ओढून घेणारी तिची जोडीदारीण ओरडायची, "अगं, चादर देतेयस की भीक घालतेयस?"

ही जोडीदारीण म्हणजे ढालगज. मुकादमाचीही भीड न ठेवणारी बाई. दोघींची मुलं एकाच पाळणाघरात होती. ढालगजचा मुलगा दांडगोबा आणि भागूबाईची तीन वर्षांची खारूताई. मुलीला हे नाव पडलं ते तिच्या खोडीमुळे. अडचणीची जागा शोधायची, तीत शिरायचं आणि तिथेच गाढ झोपून जायचं. कपाटामागे, पलंगाखाली, पाळणाघरात मागच्या खोलीतल्या गाद्यांच्या फळीखाली, एकदा तर मळक्या कपड्यांच्या टोपलीत. आई हाका मारून रडकुंडीला आली तरी बाईसाहेबांची झोप काही मोडायची नाही.

नवरा मालाच्या ट्रकवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. भागूबाईचं काम टिकून होतं ते सरकारी मदतीवर. आईबाप दोघंही नोकरी करत असतील तर पाळणाघराच्या फीचा मोठा वाटा सरकार भरायचं. योजना चांगली होती, नाही म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही. पण सरकारचं देणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवायचं. मूल किती वाजता आलं, किती वाजता गेलं, पालकाची सही, सगळं वहीत हवं. साडेपाचनंतर मूल तिथे दिसलं की तो दिवस नियमबाह्य, आणि महिन्यात असे तीन दिवस झाले की मदत बंद.

भागूबाईची पाळी पाचला सुटायची, तोवर सगळं ठीक होतं. मग इस्पितळात नवा विभाग उघडला, चादरी वाढल्या आणि पाळी साडेपाचपर्यंत लांबली. आता बस धरून पाळणाघरात पोचायला तिला सहा वाजून जायचे. पहिल्याच आठवड्यात दोन नियमबाह्य दिवस पडले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरा पडला तर मदत गेली, मदत गेली तर पाळणाघर गेलं, आणि पाळणाघर गेलं तर नोकरी. मुकादमाला जाऊन सांगावं, अर्धा तास आधी सोडा म्हणावं, एवढा धीर तिच्यात नव्हता. नोकरीवरूनच काढलं तर?

पाळणाघर चालवणाऱ्या काकूंना तिची दया आली. त्या म्हणाल्या, "असं कर, सकाळी सोडतानाच दोन्ही सह्या करून टाक. जाण्याची वेळ साडेपाच. तू सहाला ये नाहीतर सव्वासहाला, मी आहेच की इथे."

भागूबाईने त्या दिवशी सही केली ती दोनदा दाराकडे बघून. दहाव्या दिवशी तिने मानही वर केली नाही. माणूस कशालाही सरावतो, खोटेपणाला तर फारच लवकर.

असा महिना गेला. त्या दिवशी काकू दाढ काढायला गेल्या होत्या आणि पाळणाघरात एक बदली बाई होती, कामाचा तिसराच दिवस. भागूबाईने नेहमीप्रमाणे दोन्ही सह्या केल्या, मुलीचा पापा घेतला आणि बस पकडली.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला मुकादम रोलरपाशी आला. कामावर फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती, निरोप त्याच्या केबिनमध्ये यायचे. तो ढालगजला म्हणाला, "पाळणाघरातून फोन होता. जिन्याखालच्या मीटरने पेट घेतलाय, धूर झालाय. मुलं सगळी खाली आणलीत, सुखरूप आहेत. येऊन घेऊन जा म्हणतायत."

"आणि माझी?" भागूबाईने विचारलं.

"तुमच्यासाठी काही निरोप नाही."

दोघी तशाच ॲप्रन घालून निघाल्या. बसमध्ये ढालगज तिला समजावत होती. "अगं, सगळी सुखरूप म्हणाले ना? मग सगळी म्हणजे सगळी. करतील तुलाही फोन. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!"

पण भागूबाई ऐकत नव्हती. सगळ्यांना निरोप आणि मलाच का नाही? एकाच पाळणाघरातली मुलं, एकाच धुलाईघरातल्या आया, केबिनमधला फोनही एकच. तिने लॉकरमधून आणलेला फोन पाहिला. एकही कॉल नव्हता. तिने पाळणाघराला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. सिग्नलला बस थांबली होती, आणि थांबल्या बसमध्ये तिला एकदम उमगलं. बदली बाईला मुलं कुठे ओळखीची? ती वही बघून फोन करत असणार. ज्यांची जाण्याची सही नाही, त्यांना. वहीच्या हिशोबाने खारूताई घरी गेलेली होती.

ढालगजचं मनगट धरून भागूबाई म्हणाली, "तिला कुणी शोधलंच नसेल गं."

ढालगजला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती उठली आणि ड्रायव्हरजवळ जाऊन तिने दार उघडायला लावलं. उरलेले दोन स्टॉप दोघी धावल्या. आयुष्यभर भागूबाई शंभर गोष्टींना भ्याली होती, त्यातली एकही आजवर घडली नव्हती. आणि ही, जी तिला स्वप्नातही सुचली नव्हती, ती तिने रोज सकाळी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती.

इमारतीसमोर बंब उभा होता. पुढच्या जिन्यातून काळा धूर अजून येत होता. समोरच्या फूटपाथवर मुलं ओळीने बसलेली, दांडगोबा सगळ्यांत पुढे. भागूबाईने एकेक तोंड पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. अकरा तोंडं, आणि त्यांत खारूताईचं नाही.

बदली बाई वही छातीशी धरून उभी होती. बिचारीने सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं. "अकरा आहेत, बरोबर अकरा. मी तीनदा मोजलीत," ती म्हणाली. "तुमची मुलगी तर तुम्ही नेलीत ना? सही आहे तुमची."

भागूबाई बंबाच्या प्रमुखाकडे धावली. "माझी मुलगी आत आहे."

"बाई, मोजणी झालीय. मुलं पूर्ण आहेत," तो म्हणाला. घाबरलेल्या आया त्याने पुष्कळ पाहिल्या असणार. "धुरात माणूस पाठवायचं तर मला नक्की कळायला हवं. वहीत ती गेलेली आहे."

"वही खोटी आहे! सही मीच केली, सकाळी केली, रोज करते." एरवी दुकानात सुटे पैसे मागतानाही कुजबुजणारी ही बाई भर रस्त्यात ओरडत होती. तिने बदली बाईच्या हातातली वही ओढली, पान उघडलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे बघा, साडेपाच. साडेपाचला गेली असं लिहिलंय. आत्ता वाजलेत किती?"

त्याने मनगटाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते.

मग तो एक शब्दही वाया न घालवता वळला. भागूबाईने मागून ओरडून सांगितलं, "मागच्या खोलीत! गाद्यांची फळी आहे, तिच्याखाली, अगदी भिंतीकडे! हाका मारू नका, ती उठत नाही. हात घाला!"

दोघेजण मुखवटे चढवून मागच्या जिन्याने वर गेले. भागूबाई रस्त्यावरच बसली. ढालगजने तिला मागून मिठी मारून धरलं होतं, आणि ती जगाला न भिणारी बाईही थरथरत होती. त्या वेळात भागूबाईने काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक. मदत जाऊ दे, नोकरी जाऊ दे, मला तुरुंगात टाका, पण हात घाला, आणखी आत हात घाला.

खारूताईला बाहेर आणलं तेव्हा तिच्या गालावर गादीच्या शिवणीचा वळ उठला होता. मागच्या खोलीचं दार लागलेलं होतं, म्हणून धूर तिथवर थोडाच पोचला होता. ती खोकली, इतक्या माणसांकडे बघून तिने ओठ काढला आणि झोपमोड झाली म्हणून भोकाड पसरलं. ते भोकाड ऐकून भागूबाईच्या जिवात जीव आला.

पुढे व्हायचं ते झालंच. अग्निशमनच्या अहवालात वहीचं ते पान गेलं. मदत चार महिने बंद झाली. काकूंना लेखी ताकीद मिळाली. भागूबाई त्यांच्यापुढे रडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू एकटीने नाही केलंस. वही माझी होती." भागूबाईला अर्ध्या पाळीवर काम करावं लागलं, घरात ओढाताण झाली. शेवटी ढालगजने तिला दंडाला धरून मुकादमासमोर उभं केलं. भागूबाईने खाली मान घालून विचारलं, पाचला सोडाल का? सकाळी अर्धा तास लवकर येईन.

मुकादम म्हणाला, "या की. आधीच सांगायचं ना, बाई."

एवढंच. या एका वाक्याला ती इतके दिवस भ्याली होती. घरी जाताना बसमध्ये ती त्याच वाक्यावर रडली.

आता मदत पुन्हा सुरू झाली आहे आणि खारूताई त्याच पाळणाघरात जाते. भागूबाईची भीती गेली वगैरे काही नाही. लिफ्टमध्ये ती अजूनही पाय ठेवत नाही. संध्याकाळी मात्र मुलगी बाहेर येऊन तिचा हात हातात आल्याशिवाय ती पेनाला शिवत नाही. मागे खोळंबलेल्या आया म्हणतात, "अहो भागूबाई, पळून नाही जात पोरगी." ती ऐकून घेते, हात सोडत नाही. एका हाताने सही करताना पान सरकतं, म्हणून खारूताई टाचा उंचावते आणि आपला मोकळा पंजा वहीवर दाबून धरते.