साखरबाईने नेलेला कोट

रंगभूमीवर माझी उमेदीची सारी वर्षं इनामदार होण्यात गेली, पण माझा इनामदारी कोट खरा शोभला तो शेळगावच्या बिरू धनगराला.

१९३४ साली आमची नाटक मंडळी बारामतीत मुक्कामाला होती. बिरूची बायको साखरबाई आम्हाला भाकऱ्या थापून द्यायची. काय ती भाकरी! आठवली की अजून भूक लागते. एके दिवशी मात्र ती करपली.

"धनी खोकून खोकून निळं पडत्यात, आबा. तीनदा दवाखान्यात नेलं."

तिथली रीत सगळ्यांना ठाऊक होती. घोंगडीवाले ओट्यावर, कंपाउंडर खिडकीतून लाल औषध ओतून द्यायचा. कोटवाले आत, खुर्चीवर. डॉक्टरांची नळी त्यांच्याच छातीला लागायची.

"तुमचा त्यो कोट द्या," ती म्हणाली. "फेटाबी."

बिरूला मी स्वतः सजवलं. "इनामदार खेकसतो, विनवत नाही!"

"खेकसाया दम तर पायजे," बिरू धापा टाकत म्हणाला.

दवाखान्यात मी "हे इनामदार" म्हणताच डॉक्टर उठले, "या, बसा." बिरू बसला. खुर्चीवर पाय वर घेऊन, उकिडवा, माळावरच्या दगडावर बसतो तसा! डॉक्टरांनी नळी छातीला टेकवली, आणि नजर त्या भेगाळ टाचांवर गेली.

"कुठले इनामदार म्हणालात?"

मी संवाद विसरलो. दाराशी उभी साखरबाई पुढे झाली. "कोट आबांचा हाय. आतला मानूस माझा हाय. त्येला बघा."

डॉक्टर ऐकत राहिले. "छातीत पाणी झालंय. आधी का नाही आणलं?"

"आणलं की. वट्ट्यावर हुतं."

ते सुई घेऊन पाणी काढायला बसले.

बिरू वाचला. कोट मी परत घेतला नाही.

पुढे काही वर्षांनी इंदापुरात आमचा खेळ लागला. साखरबाई भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन हजर, मागे धडधाकट बिरू.

"कोट आहे का गं अजून?"

"हाय की! आज शेजारच्या भीमाच्या अंगावर बारामतीला गेलाय. परवा सरुबाईच्या सासऱ्यानं नेला हुता. कोपरं फाटल्यात, मेंढराचा वास येतुया."

"आणि डॉक्टर ओळखत नाहीत?"

"वळखत्यात तर! त्यो कोट दिसला की उठून खुर्ची देत्यात."

"मग ओट्यावर आता कुणी नसेल."

साखरबाईने माझ्याकडे पाहिलं. "एकच कोट हाय, आबा. वट्टा भरल्याला असतुय. दुसरा हाय का तुमच्याकडं?"

मी कपड्यांची पेटी उघडली. त्या दिवशीच्या खेळात आमचा वकील नुसत्या सदऱ्यावर कोर्टात उभा राहिला.