मखरातली पिल्लं

उदमांजराचं ते पिल्लू जन्मतःच अशक्त होतं, असं मी घरात आणि चाळीत सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. पिल्लू माझ्यामुळे मेलं.

लालबागला आमची खोली वरच्या मजल्यावर, कौलांखाली. गणपती जवळ आले होते. माळ्यावर खुडबुड चालायची आणि उदमांजराच्या अंगाला असतो तसा, आंबेमोहोर शिजल्यासारखा वास यायचा. वडिलांनी स्वतःच्या हातांनी केलेलं लाकडी मखर तिथेच जुन्या साडीखाली ठेवलेलं. ते घाण होईल, एवढंच माझ्या डोक्यात. तिन्हीसांजेला कौलाखालच्या फटीतून उदमांजर बाहेर पडताना दिसलं, तसा मी पत्रा आणि हातोडा घेतला.

बायको म्हणाली, "अहो, आधी वर चढून बघा तरी."

"बघायचंय काय? गेलंय ते," म्हणत मी फट ठोकून बंद केली.

सकाळी वरून बारीक, चिरका आवाज यायला लागला. चढलो. मखराच्या कमानीत तीन पिल्लं होती. त्यातलं एक गार पडलेलं. पत्रा उचकटला, तर त्याच्या बाहेरच्या अंगाला ओरखडेच ओरखडे.

बायकोने प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. हात लावू नका, वाट उघडी ठेवा, पिल्लं चालायला लागली की आईच घेऊन जाईल, असं त्यांनी सांगितलं. अंधार पडता पडता आई परत आली. म्हणजे आता मखर काढायचं नाही.

हे कळल्यावर शेजारचे काका काठी आणि गोणपाट घेऊन दारात हजर. मागे आणखी दोघं.

"काय रे, यंदा मखरात उदमांजर बसवलंस?" काकांनी विचारलं.

"हो, बसवलंय."

"आणि गणपती काय उघड्यार बसतलो?"

"बसेल की."

"अरे, तुझ्या बापाशीन केलेला मखर ता!"

"म्हणूनच सांगतो, काका. त्यात कुणाला मारू देणार नाही. काठी बाहेर ठेवा, चहा घ्यायचा तर आत या."

मी शिडीला पाठ लावून उभा राहिलो. हललो नाही. काका चहा न घेताच गेले. पुढे चाळीच्या मीटिंगमध्येही माझा विषय निघाला. तिथेही म्हणालो, नाही काढणार.

त्या वर्षी गणपती टेबलावर बसले, मागे बायकोची पैठणी. काही जण आरतीला आले नाहीत. नाही आले तर नाही.

नवरात्राच्या आधी आई उरलेल्या दोन पिल्लांना घेऊन गेली आणि माळा शांत झाला. या खेपेला बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा तपासला, मगच फटीला जाळी मारली. चाळीची माफी मी मागितली नाही, मागणारही नाही. पण खाली शिडी धरून बायको उभी होती.

उतरून तिला म्हणालो, "ते पिल्लू अशक्त नव्हतं. तू बघा म्हणालीस, मी बघितलं नाही. आणि वर खोटंही बोललो. माझं चुकलं, मला माफ कर."