थांबातात्यांनी निवडलेला सर्व्हो

तात्यांना काहीही विचारा, पहिला शब्द ठरलेला: "थांबा." चहा घेणार का? "थांबा, बगू." रेडिओ कधी मिळेल? "थांबा, त्याच्या पोटात काय झालंय त्ये तर कळू द्या." एकदा त्यांच्या दुकानासमोर एक माणूस सायकलवरून पडला. मी उचलायला धावलो, तर तात्यांनी माझा दंड धरला. "थांबा मास्तर, आधी कुटं लागलंय त्ये बगा." तोवर तो माणूस आपला आपण उठला, कपडे झटकले आणि आम्हा दोघांकडे जळजळीत नजरेने बघून चालता झाला. लोणावळ्याच्या बाजारात त्यांना नुसतं तात्या म्हणणारे थोडे होते. बाकी सगळ्यांचे ते थांबातात्या.

मी साताऱ्याकडून इंग्रजी शिकवायला लोणावळ्याच्या शाळेत आलो, आणि कुठल्या मुहूर्तावर कोण जाणे, त्यांच्याच रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. तात्या मूळचे मळवलीजवळच्या भाजे गावचे, शेतकरी घरातले, शिक्षण चौथीपर्यंत. काही वर्षं रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर होते, तिथेच तारांशी ओळख झाली. रोज सकाळी मळवलीहून गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. माझा स्वतःचा रेडिओ त्यांनी बावीस दिवस ठेवून घेतला. नंतर तो कधी बिघडला नाही, हे मला कबूल करावं लागतं. पण त्या बावीस दिवसांत एक अख्खा कसोटी सामना मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याने ऐकला, हेही मी विसरलेलो नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. खंडाळ्याला दरीच्या कडेला एका बंगल्यात एक निवृत्त इंजिनिअर राहत. सगळे त्यांना साहेब म्हणत आणि त्यांच्या पत्नीला माई. साहेबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, चालणं गेलं, आणि हळूहळू बोलणंही त्यांनी सोडून दिलं. विलायतेतल्या जावयाने त्यांना एक मोटार पाठवली होती. हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी आणि रेडिओच्या लहरींवर हुकूम घेणारी. परवान्याचे कागदही जावयानेच खटपट करून मिळवले होते. साहेब खुर्चीत बसून डाव्या हाताने ट्रान्समीटरची दांडी हलवायचे आणि बंगल्यापुढच्या फरशीवर मोटार सावकाश वळणं घेत फिरायची. एक दिवस तिची पुढची चाकं कुंडीत अडकली. साहेबांना दांडी वेळेवर सोडता आली नाही. मोटारीतून धूर निघाला आणि सर्व्हो जळला.

सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. आत इवलीशी मोटर आणि दातेरी चाकं. हातातली दांडी जितकी हलेल तितकी ही डबी गाडीची पुढची चाकं वळवते. ती गेली की गाडी फक्त नाकासमोर जाणार. माईंनी तात्यांना बोलावून घेतलं, आणि इंग्रजी कागद वाचायला म्हणून तात्यांनी मला सोबत नेलं. निघताना माई फाटकापर्यंत आल्या. "तात्या, गाडी फिरवली की ते दोन घास जास्त जेवतात. लवकर करा."

लवकर! आणि हे कुणाला सांगितलं, तर तात्यांना!

जुन्या जातीचा सर्व्हो आता बनत नव्हता. जावयाने एक जाडजूड कॅटलॉग पाठवला आणि लिहिलं की यातला कोणता हवा तो कळवा, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. पोस्टकार्डावर दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं. तात्यांनी त्याला तीन महिने लावले. रोज शाळा सुटली की मी दुकानाच्या फळीवर बसायचं, कॅटलॉगचं तेच पान उघडायचं आणि तेच आकडे वाचायचे.

"हा तीन किलोचा जोर लावतो," मी म्हणालो.

"थांबा. कुटं टांगल्यावर?"

"कुठं म्हणजे?"

"डबीवरल्या दांडीच्या मुळाशी का टोकाला? वजन लांब गेलं की जोर कमी हुतो, मास्तर."

मी पुन्हा पाहिलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आसापासून एक सेंटिमीटरवर.

"आपली दांडी दोनाची हाय. म्हंजी दीडच किलो. आन् ह्ये कंपनीच म्हन्ती ना? दुसरं कुनी म्हन्तं का?"

चौथी शिकलेल्या माणसाने मला असं गप्प करावं, याचा राग वेगळाच.

शेवटी तीन सर्व्हो उरले. एक चपळ, पापणी लवायच्या आत चाकं वळवणारा. शर्यतीवाल्यांचा लाडका म्हणून त्याचा फोटो पानभर छापलेला. दुसरा धातूच्या दात्यांचा, दणकट, पण सुस्त. त्याला कोपऱ्यात चार ओळी. तिसरा मधला. मी पहिल्याच दिवशी चपळावर बोट ठेवलं होतं. तात्या म्हणाले, "फोटो मोटा हाय खरा." पुढे काही नाही.

मग मोजमापं सुरू झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतून मी ताणकाटा आणला, आणि तो परत कधी आणता म्हणून शास्त्राचे सर मला रोज टोकू लागले. रविवारी दोन सायकलींवरून आम्ही खंडाळ्याला. गाडी फरशीवर ठेवून चाकं वळवायला किती जोर लागतो ते मोजायचं. मग मुरुमावर. मग फरशी ओली करून. मग गाडीत बॅटऱ्या घालून हेच सगळं पहिल्यापासून. तात्या आकडे सांगणार, मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिणार. हे झालं की ते साहेबांशेजारी बसायचे. बरोबर एक जुना रेडिओ आणलेला असायचा. "साहेब, ह्यो काटा जरा स्टेशनावर आना बरं." साहेब डाव्या हाताने बटण फिरवायचे, तात्या नुसते बघत राहायचे. पुन्हा, "आता दुसरं स्टेशन." अर्धा अर्धा तास हा खेळ. मी माईंकडे बघायचो, माई माझ्याकडे. सर्व्हो निवडायचा सोडून हा माणूस गाणी ऐकत बसतो, असं माझं स्पष्ट मत झालं.

तिसऱ्या महिन्यात माईंनी मला एकट्याला गाठलं. "मास्तर, ह्यांनी आता खुर्ची बाहेर काढू देणंही बंद केलंय. तात्यांचं काही ठरत नाही. तुम्हीच लिहा ना." मला तेवढंच हवं होतं. त्याच दिवशी मी जावयाला पत्र टाकलं: चपळ पाठवा. तात्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं.

पार्सल बंगल्यावर आलं. माईंचा निरोप येताच मी तात्यांना घेऊन गेलो. त्यांनी डबी उघडली, बोटांत फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मास्तर, जरा हिकडं या." मला बाजूला नेऊन ते हळूच म्हणाले, "आज नगं. आधी म्या दुकानात लावून बगतो."

"तात्या, साहेब कपडे करून बाहेर येऊन बसलेत. इतक्या महिन्यांनी! आता यात काय बघायचं राहिलंय?"

"थांबा जरा—"

"नाही थांबायचं!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की माईंनी वळून पाहिलं. तात्या खाली बसले आणि त्यांनी सर्व्हो बसवला.

साहेबांनी ट्रान्समीटर मांडीवर घेतला. गाडी निघाली आणि दुसऱ्याच क्षणी थरथरू लागली. पुढची चाकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सरळ जाईचना. झिंगलेल्या माणसासारखी झोकांड्या खात ती कट्ट्याला जाऊन धडकली. मला वाटलं, यंत्र सदोष आलं. मग माझी नजर साहेबांच्या डाव्या हाताकडे गेली. अंगठा कापत होता. बारीक, सतत. त्या चपळ डबीने त्यांचा एकूण एक कंप फरशीवर काढून दाखवला होता. साहेबांनाही ते कळलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. ट्रान्समीटर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जा हे." त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो.

"जुना सर्व्हो सुस्त हुता," तात्या म्हणाले. "हात कापला तरी त्येला ऐकू जायच्या आत हात जाग्यावर यायचा. म्हून गाडी सरळ जायची. साहेबांचा हात पयल्यापासनं कापतोय, मास्तर. त्येंनाच ठावं नव्हतं."

"मग हे मला आधी सांगायचं होतंत!" मी ओरडलोच. "तीन महिने आकडे वाचून घेतलेत माझ्याकडून! एक वाक्य बोलला असतात तर हे झालं नसतं!"

"मानसाच्या हाताचं असं काय दुकानाच्या फळीवर बसून बोलायचं असतं व्हय?"

"मी काय गावभर सांगितलं असतं?"

"न्हाई. पन तुमी त्येंच्या हाताकडं बगितलं असतं. परत्येक वेळी."

मी आणखीच चिडलो. चूक माझी होती. पण इतकं समजणाऱ्या माणसाने निदान 'हा नको, तो सुस्तच हवा' एवढं तरी वेळेत बोलावं की नाही? मी ते विचारलंही. तात्या म्हणाले, "सुस्त म्हंजी किती सुस्त, त्ये ठरत नव्हतं. लय सुस्त झाला तर गाडी कुंडीवर जाती, आन् साहेबांना वाटतं आपलंच चुकलं." खरंच त्यांचं ठरत नव्हतं. तीन महिने हा माणूस त्या दोन लाजांच्या मधली जागा शोधत होता.

त्यांनी मला पत्र सांगितलं, पाच ओळींचं. धातूच्या दात्यांचा, कोपऱ्यातला, चार ओळींवाला. तो यायला आणखी दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत बंगल्यावर जायची माझी हिंमत झाली नाही. तात्या मात्र दर रविवारी सायकल काढून जात आणि साहेबांशेजारी गाणी ऐकत बसत. गाडीचं नावही काढत नसत. नवा सर्व्हो आला तेव्हा त्यांनी तो चांगले आठ दिवस दुकानात ठेवला. दांडी थोडी आखूड केली, आणि चाकं कुठं अडकली तर धक्का आतपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये पेनातली एक स्प्रिंग घातली. त्या आठ दिवसांत मी एकदाही 'झालं का' विचारलं नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली, पण विचारलं नाही.

"मागचा डब्बा खराब निगाला, साहेब," तात्यांनी बंगल्यावर पोचताच सांगून टाकलं. "हे मास्तर फोटो बगून भुलले." मी मान खाली घालून उभा राहिलो. माईंनी कशीबशी साहेबांची समजूत घातली. गाडी फरशीवर ठेवली गेली.

ती निघाली आणि सरळ गेली. फरशीच्या टोकाशी सावकाश, भारदस्तपणे वळली आणि सरळ परत आली. साहेबांनी आणखी एक फेरी मारली, मग कुंडीला वळसा घातला. मग दोन कुंड्यांच्या मधून गाडी काढली आणि थेट तात्यांच्या पायाशी आणून उभी केली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"तात्या," ते म्हणाले, "माझा हात सुधारला रे."

मी तात्यांकडे पाहिलं. आयुष्यात कशाचंही चटकन उत्तर न देणारा तो माणूस त्याच क्षणी म्हणाला, "व्हय साहेब. लय फरक हाय."

माई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

साहेब त्यानंतर दोन वर्षं होते. शेवटच्या आजारपणापर्यंत गाडी फिरत होती, असं माई सांगायच्या. पुढे माझी बदली झाली, मी जुन्नरकडे गेलो. तात्यांना पत्रं लिहिली, पण उत्तर एकाचंही नाही. कुणाकडून लिहून घ्यायचं ते ठरवत बसले असतील, असं म्हणून मी चडफडायचो.

बऱ्याच वर्षांनी भाज्याला त्यांच्या घरी गेलो. दुकान त्यांनी बंद केलं होतं. ओसरीवर खाटेवर बसले होते, केस पार पांढरे. मी हाक मारली. एकदा, दोनदा. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा कुठे ओळखलं. त्यांच्या सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना आता ऐकाय येत न्हाई नीट. पन त्यांच्या ध्यानात आलेलं न्हाई अजून. म्हन्त्यात, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

मी स्टूल जवळ ओढून बसलो. शाळा, घर, मुलं, सगळं सांगितलं, सगळं वर्गात सांगतात तशा आवाजात. आवाज ऐकून पलीकडच्या घरातली माणसं दारात आली. तात्या मन लावून ऐकत होते, मधूनमधून हसत होते. मग मध्येच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, केवढ्यानं बोलताय? म्या हितंच हाय की."

"शाळेची सवय, तात्या," मी तितक्याच मोठ्याने म्हणालो. "साठ पोरं असतात वर्गात. आता हळू बोलताच येत नाही."

त्यांना माझी फार कीव आली. "लय वाईट नोकरी," ते म्हणाले, आणि सूनबाईंना हाक मारून माझ्या घशासाठी गरम पाणी मागवलं.