शबनमचे पाय

१८ फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. देऊळगाव राजाजवळच्या आमच्या राखीव माळरानावर करीमचाचा तेलाचा रिकामा डबा वाजवत होते आणि त्यांची पांढरी घोडी शबनम त्याच्या तालावर नाचत होती. पाय थांबले की तिच्या तोंडात गुळाचा खडा पडे. हा अभ्यास रोज चाले.

हे माळरान आम्ही स्वयंसेवक सांभाळतो. गवत राखतो, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढतो आणि मुलांना, वृद्धांना घोड्यावरून संथ फेरी घडवतो. शबनम वर्षानुवर्षे वरातीत नाचली होती. फटाक्याने तिचा एक डोळा गेला, तेव्हा चाचांनी वराती सोडून तिला आमच्याकडे आणले. पण फेरीची वाट रस्त्यालगत जाते आणि लग्नसराईत तिथून बँड जातात. पशुवैद्यक म्हणून अट मीच घातली: बँड वाजताना घोडी स्थिर उभी राहिली तरच तिच्यावर मूल बसेल. फेरी नसेल तर चाचांना पुन्हा वराती धराव्या लागणार होत्या.

"म्याच नाचाले शिकवलं, म्याच नाच भुलवतो," ते म्हणाले.

पोरे छेडत, "चाचा, वरात कोनाची हाय?"

"तुहीच बे. नवरी भेटेना म्हनून डब्यावरच भागवून राह्यलो."

एप्रिलमध्ये वरात आली. शबनमचे कान ताठ झाले, पाय मात्र हलले नाहीत. चाचांचा उजवा पाय ठेका धरत होता.

"चाचा, घोडी पास. तुम्ही नापास."

"माह्या पाठीवर कोन बसून राह्यलं?"

मी शबनमला स्टेथोस्कोप लावला. एरवी मिनिटाला अडतीस ठोके, आता चौसष्ट. "आतून ती शांत नाही, चाचा."

त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "काळीज नाचू द्या न् बाई. पाय तर उभे हायेत."

अट पायांचीच होती. मी फेरीला परवानगी दिली.

दिवाळीनंतर चाचा गेले. डबा तबेल्यातल्या खिळ्याला टांगलेला आहे. तो कोणी वाजवत नाही.

यंदा शबनमवर एक लहान मुलगी बसली असताना बँड आला. लगाम माझ्या हातात होता. चाचा नेहमी ज्या बाजूला उभे राहत, तिकडे शबनमने मान वळवली आणि ती तशीच उभी राहिली.

"थांबली काऊन?" मुलीने विचारले.

"गाणं ऐकते आहे," मी म्हणाले, आणि शबनमला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले. चाचा होते तेव्हा चौसष्ट होते.

बहात्तर.