पासकूनं चष्मा घेतला

"दिसते मना. कलव्याकरची ती होरी दिसते, तिचा शीड दिसतंय, शिडाला ठिगल हाय त्ये पन दिसतंय. ह्योच दे," पासकू म्हणाला.

"बाबा, ती होडी तुम्हाला चष्म्याबगर पण दिसते ना?" तय्यबभाई म्हणाला.

"मंग? चष्मा लावला म्हनून दिसायची बंद व्हावी कं?"

धक्क्यावर जमलेली माणसं हसली. तय्यबभाई बोहरी सकाळच्या गाडीनं मुंबईहून ठाण्यात उतरला होता. गळ्यात अडकवलेली लाकडी पेटी, पेटीत लाल मखमल आणि मखमलीवर ओळीनं मांडलेले चष्मे. त्या सालात आमच्या चेंदणी कोळीवाड्यात नव्या वस्तूंची भरतीच आली होती. कुणाकडे काडेपेटी, कुणाकडे घासलेटचा दिवा, कुणाकडे काळी छत्री. छत्रीवाला तर ऊन नसलं तरी ती उघडूनच फिरे. पण चष्मा अजून कुणाच्या नाकावर चढला नव्हता. म्हणून सगळा धक्का पासकूभोवती गोळा झालेला.

पासकूला चष्मा मिरवायला नको होता. तो जाळं विणणारा. बाकीचे होडीतून खाडीत जात, हा दारातल्या खांबाला सूत बांधून बसे. बापाचा हात याच्या हातात उतरलेला. पण गेल्या हंगामात आंतोन तांडेलानं जड झालेलं जाळं वर ओढलं, तर आत चिखल, चार खेकडे आणि डोकं जाईल एवढं भोक. पासकूची एक गाठ निसटली होती आणि सगळी मासळी आली तशी निघून गेली होती.

आंतोन होडीचा मालक आणि पासकूच्या बायकोचा, लुसीचा, सख्खा भाऊ. नात्याला नातं, धंद्याला धंदा. या वेळी नवं जाळं विणायला देताना त्यानं चार माणसांत सांगितलं होतं, "भावजी, आवंदा गाठ सुटली तर पुरचा जाला विनायला उरनवाल्यांकरं. तुना बोंबलाच्या वलांडीखाली बसवीन, कावले हाकायला."

आमच्याकडे वलांडीच्या बांबूंवर मासळी वाळत घातली की कावळे हाकायला पोरं बसतात, नाहीतर ज्यांच्याकडून दुसरं काही होत नाही असे म्हातारे. त्या दिवसापासून पासकूला जेवण गोड लागेना. तो म्हणे, हल्लीचं सूत गिरणीचं, त्यात जीव नाही. म्हणे, उजेड कमी पडतो. घासलेटचा दिवा आणला, तर नाकाला काजळी आणि गाठ तिथंच अंधुक. पण डोळे गेले हे काही तो कबूल करीना, आणि आम्हीही त्याचंच खरं मानायचो. कारण डोळे तपासायची आमची रीत एकच. धक्क्यावर उभं राहायचं आणि लांबून येणारं शीड कुणाचं ते सांगायचं. त्यात पासकूच्या पुढं कुणी नव्हता.

आणि चष्मासुद्धा त्यानं त्याच रीतीनं तपासला. तय्यबभाईनं जाड काचेचा एक दिला. पासकूनं तो लावून खाडीकडे पाहिलं आणि लगेच काढला. "ह्याच्यात खारी धुरकट दिसते. आंधल्याचा हाय ह्यो."

दुसराही धुरकट, तिसराही धुरकट.

"लांब नका बघू," तय्यबभाई म्हणाला. त्यानं पेटीतून छापील कागद काढला. "हा असा नजीक धरून बघा."

"मना वाचता येत नाय, तं कागद बगून काय करू?"

"पासकूबाबा, त्यो तुना फसवतंय," मागून कोणी तरी म्हणालं.

तय्यबभाईनं कागद घडी करून ठेवला. गिऱ्हाईक पेटीतल्या अगदी कोपऱ्यातल्या चष्म्याला हात घालत होतं. पितळी काड्यांचा, साध्या काचेचा, शहरातल्या शौकीन लोकांनी तोंडाला शोभा म्हणून लावायचा. त्यातून शीड लख्ख दिसलं. सौदा तिथंच झाला आणि पासकू मान ताठ करून घरी आला.

लुसी दारात सुकट निवडत होती. तिनं नवऱ्याला वर-खाली पाहिलं. "पाद्री जालास कं काय?"

"बग आता मजा," म्हणत पासकू खांबाजवळ बसला. सुई घेतली, सूत ओढलं, गाठ मारली. गाठ दिसेना. चष्मा पुढं ओढला, मागं ढकलला, काच सदऱ्याला पुसली. गाठीच्या जागी तोच जुना धुरकट ठिपका. मग त्यानं बोटानं चाचपलं, तर गाठ सुताला धरलीच नव्हती.

"दिसतंय कं?" लुसी म्हणाली.

"शीड झ्याक दिसत व्हता."

लुसीनं सुकटीचं सूप खाली ठेवलं. "तू शिडां विनतंस कं गाठी विनतंस?"

पासकूनं सुई खाली ठेवली. मग एकदम उठला. खांबाचं सूत सोडलं, विणलेलं जाळं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला.

"कुठं चाललास?"

"टेसनात. त्यो कल्यानला जानार व्हता."

"थांब, मी येतंय. तू परत छत्री घेऊन येशील."

लुसीनं जाता जाता बोंबलाची एक जुडी पदराखाली घेतली. पुढं जाळं ओढत पासकू, मागं बोंबील सांभाळत लुसी, आणि त्यांच्या मागं निम्मा कोळीवाडा, काय झालं ते माहीत नसताना धावणारा. मुंबईकडून शिट्टी ऐकू आली. गाडी फलाटाला लागली तेव्हा तय्यबभाईचा एक पाय डब्याच्या पायरीवर होता.

"शेटजी, पेटी उघर!"

"बाबा, गाडी सुटेल."

"सुटंल तं दुसरी येल. माजी गाठ सुटली तं मना कावल्यांत बसवतील."

तय्यबभाईला कावळ्यांचं काही कळलं नाही, पण माणसाचं तोंड बघून त्यानं पाय खाली घेतला. पासकूनं जाळं मखमलीवर पसरलं. खाडी नाही, शीड नाही, कागद नाही. गाठ नाकासमोर धरली आणि सकाळी आंधळ्याचा म्हणून टाकलेला तो जाड काचेचा चष्मा चढवला.

त्यानं गाठ बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाला, "लुशे. सुताचे पील दिसतात गं. सुतावरची लव दिसते."

त्यानं एक गाठ पाहिली, दुसरी पाहिली, भराभर जाळं हातातून सरकवू लागला. "ही चुकली. ही बी चुकली. सायबा, ही तं गाठच नाय." चुका सापडत होत्या आणि गडी लग्नाच्या वरातीत असल्यासारखा खूश. मग त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. "तुज्या हनुवटीला केस आयलेत."

"चष्मा परत दे त्याचा," लुसी म्हणाली.

शिट्टी झाली. तय्यबभाईनं पितळी चष्मा परत घेतला, जाड काचेचा दिला, आणि वरच्या फरकापोटी लुसीची जुडी स्वीकारली. डब्यातले लोक बोंबलाच्या वासानं सरकून बसले, त्याला ऐसपैस जागा मिळाली.

परतताना पासकू चष्मा काढायला तयार नव्हता. स्टेशनाबाहेर तो एका उभ्या बैलाला "जरा सरका, दादा" म्हणाला. तेव्हा लुसीनं चष्मा त्याच्या कपाळावर ढकलला. लांबचं बघायला वर, जवळचं बघायला खाली, ही युक्ती तिनंच शोधली.

आंतोन दारातच उभा होता. जाळं खांबाला नाही हे बघून त्याचं डोकं तापलेलं. पासकू सरळ खांबाकडे गेला. सूत खांबाला बांधलं, चष्मा नाकावर घेतला आणि त्याच्यादेखत चुकलेल्या गाठी उसवायला लागला. आंतोननं एक नवी गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग दुसरी, जरा जास्त जोर लावून.

"काय रं भावजी, मंग कावल्यांचं काय?"

"त्यांना तू हाक. तुजा आवाज मोठा हाय," पासकू म्हणाला. "लुशे, सूत दे. आन उजेडातून जरा हल."