सत्तावीस बंद खोकी

लिफ्टकाकांच्या कपाटात सत्तावीस खोकी होती आणि त्यातलं एकही त्यांनी कधी उघडलेलं नव्हतं. खोकी होती प्लास्टिकच्या किटची: विमानं, जहाजं, एक वाफेचं इंजिन. आत चौकटीला लटकलेले शे-दीडशे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, डिंकाने जोडायचे आणि रंगवायचे. हा नाद काकांना विशीपासून. आता तुम्ही म्हणाल, नाद असलेला माणूस खोकी बंद कशाला ठेवेल? तर तीच गंमत सांगायची आहे.

काकांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणून इमारतीतली सगळी माणसं त्यांना लिफ्टकाका म्हणत. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये वंगणाने माखायचं, संध्याकाळी घरी येऊन तीनतीनदा हात धुवायचे आणि खिडकीशेजारच्या टेबलावर इटुकली चाकं रंगवत बसायचं. भिंतीवरच्या फळ्या त्यांनी केलेल्या मॉडेलांनी गच्च भरल्या होत्या. पण ती सगळी साध्यासुध्या किटची. चांगलं किट हातात आलं की काका ते उलटसुलट बघत, वरचं चित्र डोळे भरून पाहत आणि कपाटात ठेवून देत. "हे खास आहे. हात नीट तयार झाला की करू." असं म्हणत म्हणत खास खोकी साठत गेली आणि काका निवृत्त झाले.

आणि मग गेल्या वर्षी तो हातच थरथरायला लागला.

आधी चहाच्या बशीत चमचा वाजायचा. काकांनी तिकडे सरळ दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी विमानाचं टायर काळं करताना ब्रश घसरला तो थेट पांढऱ्या पंखावर. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा घसरल्यावर काकांनी रंगाच्या बाटलीला झाकण लावलं आणि नुसते बसून राहिले. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या आणि सांगितलं, "हा कंप वयाचा आहे. जिवाला काही नाही. पण औषधाने पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

काका घरी आले आणि बायकोला एका शब्दाने न विचारता त्यांनी किटच्या दुकानदाराला फोन लावला. "सगळी खोकी घेऊन जा. माझं झालं आता." दुकानदार गावाला जायच्या गडबडीत होता. तो म्हणाला, महिन्याभराने रविवारी गाडी घेऊन येतो.

काकूंना हे कळलं ते काका खोक्यांवरची धूळ पुसायला बसले तेव्हा. काकू इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होत्या. हात असा की लहान मुलंसुद्धा त्यांच्या सुईला रडत नसत. तोंड मात्र सुईपेक्षा तिखट. त्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. तेवढ्यात तळातून एक चपटं खोकं निघालं. चित्रात दोन पंख्यांचं प्रवासी विमान, रुपेरी अंगावर निळा पट्टा.

"हे मी दिलेलं," काकू म्हणाल्या.

काका खोक्यावरची धूळ पुसत राहिले.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. दुकानात त्या माणसाला मी तीन वेळा विचारलं होतं, सगळ्यात चांगलं कुठलं म्हणून. आणि तुम्ही ते उघडलंही नाहीत! तेहतीस वर्षं मी समजत आले की तुम्हाला ते आवडलंच नाही."

"अगं, आवडलं म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"वाया जाईल म्हणून ठेवलं. तू दिलेलं, आणि माझ्या हातून बिघडलं तर? म्हटलं, हात तयार झाला की आधी हेच करू."

"आणि कधी होणार होता हो तुमचा हात तयार?"

काकांनी हाताकडे पाहिलं. मांडीवर ठेवलेला असूनही तो हलत होता. त्यांना एकदम इतकं वाईट वाटलं, की बायकोसमोर डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही. काकू जवळ आल्या, खोकं उचललं आणि टेबलावर आपटलं.

"उघडा."

"आता? अगं, आता हात..."

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. प्लास्टिक शाबूत होतं, पण पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चित्रं पिवळी पडली होती. काकांनी ती पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवली. पंधरा दिवसांत उन्हाने पिवळेपणा खेचून घेतला. "हे असंच करतात," काका म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा तोरा आला.

हाताचं काम मात्र सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी पंखा दोनदा निसटून जमिनीवर गेला. काकू भाजी निवडता निवडता बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"हात हवेत काय धरता? थरथरणाऱ्या पेशंटचा हात मी कधी हवेत धरला नाही. कोपरं टेबलावर टेका. मनगटाला मनगट लावा. आणि ब्रश श्वास सोडताना टेकवा, घेताना नाही."

"चाळीस वर्षं करतोय मी हे. तू मला शिकवणार?"

"शिकवणार. करा मुकाट्याने."

काकांनी करून बघितलं. कंप गेला नाही, पण निम्म्यावर आला. काका पुटपुटले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे डोक्यावरून पाणी. रंग लागू नये म्हणून विमानाच्या खिडक्यांवर लावायच्या बारीक चिकटपट्ट्या काकूंनी कापल्या. निळा पट्टा एका बाजूने काकूंनी ओढला, दुसऱ्या बाजूने काकांनी. काकांच्या बाजूचा शेपटीपाशी जरा डुलला. "पुसू का?" काकांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "पुसाल तर बघा."

शनिवारी दुपारी चाकं वाळली. काकांनी विमान दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं, हात काढले, आणि विमान मागे कलंडून शेपटीवर बसलं. नाक छताकडे.

काकांनी कपाळावर हात मारला. अशा विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडण्याआधी नाकात वजनासाठी छर्रे भरायचे असतात, नाहीतर पुढचं चाक टेकत नाही. काल या नादाला लागलेल्यालाही हे ठाऊक असतं. काका सगळं लक्ष हाताकडे देऊन बसले आणि नेमकं तेच विसरले. शरमेने त्यांचे कान लाल झाले.

"करवतीने कापून उघडावं लागणार," ते म्हणाले.

काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. "अहो, हे तर निघालंच की उडायला! खबरदार कापलंत तर." काका आधी रागाने बघत राहिले, मग त्यांनाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. त्याची नजर आधी टेबलावर गेली.

"काका, नाकात वजन विसरलात?"

"विसरलो."

"तुम्ही?"

"मीच. आणि पट्टा आम्ही दोघांनी ओढलाय."

पण एक विमान झालं म्हणजे सगळं झालं असं काकांना वाटत नव्हतं. एक बायकोच्या शब्दाखातर केलं. पुढची सव्वीस, ती सगळी खास, या हाताने करून त्यांची माती करायची? त्यांनी मन घट्ट केलं आणि खोकी बाहेरच्या खोलीत ओळीने मांडली. दुकानदार एकेक खोकं फिरवून वरचं पातळ प्लास्टिक तपासू लागला. "बंद आहेत हे बरं. उघड्याला गिऱ्हाईक हात लावत नाही."

हे काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या कात्री घेऊन बाहेर आल्या, फतकल मारून जमिनीवर बसल्या, पहिलं खोकं ओढलं आणि त्याचं प्लास्टिक कर्रकन कापलं.

"अगं, अगं, अगं!" काका ओरडले.

दुसरं कापलं. तिसरं ते मोठं जहाज, ज्याला काका कुणाला बोटही लावू देत नसत. तेही कापलं.

"काकू, आता ही मला चालणार नाहीत," दुकानदार म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच!"

"डोकं फिरलंय का तुझं?" काका म्हणाले. "ती खराब होतील माझ्या हातून."

"होऊ देत." काकूंचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "हा हात याहून तयार होणार नाही. उद्या याहून जास्त हलेल. मग काय, मी रिकामं टेबल बघत बसू? मला तुम्ही टेबलापाशी बसलेले हवे आहात."

काकूंनी चौथं कापलं, पाचवं कापलं. सहावं काही केल्या कापता येईना. तेव्हा काका गुडघे धरत खाली बसले आणि खोक्याची कड चाचपून म्हणाले, "इथून धर. इथून पटकन सुटतं."

दुकानदार दारात ताटकळला होता. "मग मी काय नेऊ?"

"काही नको. निळा रंग तेवढा पाठवून द्या, संपलाय," काका मान वर न करता म्हणाले.

सव्विसाव्या खोक्याला काकू हात लावणार, तोच काकांनी त्यांच्याकडून कात्री मागून घेतली. हात हलत होता, त्यामुळे त्या एका खोक्याला बराच वेळ लागला. काकू शेजारी बसून राहिल्या.